गेर्साउ कसं बघावं : चारशे वर्षं स्वतःचं राज्य चालवलेल्या एका स्विस गावाची ओळख, नवख्यांसाठी

स्वित्झर्लंडची सहल करून आलेल्या पुष्कळ मराठी माणसांनी रीगी डोंगर पाहिलेला असतो. लुसर्नहून बोटीत बसायचं, फिट्सनाउला उतरायचं, लाल डब्यांच्या दातेरी रुळांच्या गाडीनं वर जायचं, बर्फात फोटो काढायचे आणि जेवणाच्या वेळेला खाली. त्याच बोटीत आणखी थोडा वेळ बसून राहिलं, तर त्याच डोंगराच्या दुसऱ्या कुशीत गेर्साउ लागतं. सहलीवाले तिथे उतरत नाहीत. धक्क्यावरून पाहिलं तर एक अंमळ मोठंच वाटणारं चर्च, तळ्याकाठी घरांची ओळ, मागे कुरणं आणि वर कडे. बस्स. लोकवस्ती अडीच हजारांच्या आत.

पण हे गाव चारशे वर्षं एक स्वतंत्र देश होतं. स्वतःची सभा, स्वतःचं न्यायालय, स्वतःचा फाशीचा खांबसुद्धा. राजा नाही, सरदार नाही.

नोकरीनिमित्त झुग, झुरिच, लुसर्नकडे नव्यानं आलेल्या आणि एखादं स्विस गाव नीट समजून घ्यावं असं वाटणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. एक पूर्ण दिवस लागेल. दोन मिळाले तर दुसरा डोंगरासाठी ठेवा. चालताना एकच प्रश्न बरोबर ठेवा : इथे कोण ठरवतं? गेर्साउमधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट शेवटी या प्रश्नापाशी येते.

पायरी १. घरीच नकाशा उघडा

स्विस सरकारच्या मोजणी खात्याचा, म्हणजे स्विसटोपोचा, नकाशा फोनवर फुकट मिळतो. त्यात काळ मागे सरकवण्याची सोय आहे. थेट एकोणिसाव्या शतकातल्या नकाशापर्यंत जाता येतं. आधी आजचा नकाशा बघा, मग मागे मागे जा. मोजणीची परंपरा इतकी जुनी की डोंगरावरच्या वाड्यासुद्धा नावानिशी सापडतात.

नकाशावर तीन गोष्टी टिपा. एक, गाव तळ्याच्या उत्तर काठावर आहे, म्हणजे तोंड दक्षिणेला. दोन, पाठीमागे भिंत आहे : पश्चिमेला १,४५१ मीटरचा एक सुळका, मध्ये रीगी शाइडेग्ग, पूर्वेला १,६९८ मीटर उंचीचा रीगी होखफ्लू. त्या पश्चिमेच्या डोंगराला दोन नावं आहेत. एक फिट्सनाउचं, फिट्सनाउअरश्टोक. दुसरं गेर्साउचं, गेर्साउअरश्टोक. दोन गावांच्या मध्ये उभा असल्यावर दुसरं काय होणार! तीन, दोन्ही बाजूंना काठ इतका अरुंद होत जातो की शेजारच्या गावाला जायचा सोपा रस्ता मुळात पाण्यावरूनच होता.

आपल्या अंदाजासाठी : शाइडेग्गचा माथा कळसूबाईच्या बरोबरीचा आहे, होखफ्लू तिच्याहून पन्नासेक मीटर उंच. पण तळं स्वतः समुद्रसपाटीपासून ४३४ मीटरवर आहे, त्यामुळे चढ सह्याद्रीतल्या चांगल्या दमाच्या किल्ल्याएवढा समजा.

गावाची हद्द तळ्यातला वाटा धरून जेमतेम २४ चौरस किलोमीटर. देश म्हणून एवढाच.

पायरी २. पहिल्यांदा जाल तेव्हा पाण्यावरूनच जा

गेर्साउला रेल्वे नाही. ब्रुनेन स्टेशनला उतरून बसनं साधारण वीस मिनिटांत पोचता येतं, आणि परत येताना तेच करा. जाताना मात्र लुसर्नहून बोट घ्या. दीड तासाच्या आसपास लागतो. हाफ-फेअर कार्ड आणि वर्षभराचा पास दोन्ही बोटीवर चालतात. नशीब चांगलं असेल तर शंभर वर्षांपूर्वीची चाकांची वाफेची बोट मिळेल. उरी, उंटरवाल्डेन, शिलर, गालिआ आणि श्टाट लुत्सेर्न अशा पाच अजून धावतात, त्यांतली उरी १९०१ ची. मधल्या मजल्यावरून खाली इंजिनाचे दट्टे फिरताना दिसतात. लहान मुलं बरोबर असतील तर बाहेरचा देखावा कुणी बघणार नाही, हे गृहीत धरा.

फिट्सनाउ सोडल्यावर दोन्ही काठांचे डोंगर पुढे सरसावून तळ्याचा गळा आवळतात. या दोन टोकांना इथले लोक ‘नाकं’ म्हणतात. त्या नाकांच्या मधून बोट पलीकडे गेली की एकदम मोठं पाणी उघडतं. तळ्याची सर्वांत खोल जागा, २१४ मीटर, या गेर्साउच्या बाजूच्या भागातच आहे. इथे कुणी घोडदळ घेऊन चालून येऊ शकलं नाही, ते का, हे याच क्षणी कळतं. पुस्तकात वाचून कळत नाही.

एक सावधगिरी. या तळ्यावर फ्योन नावाचा वारा येतो. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून खाली उतरतो, कोरडा आणि गरम. हिवाळ्यातही अचानक अंगातला कोट काढावासा वाटतो, डोंगर हात लावण्याइतके जवळ दिसतात, आणि काहींची डोकी दुखतात. तळ्याला मात्र तो उसळवतो. काठावर जागोजाग नारिंगी दिवे आहेत. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर सावध, ९० वेळा लुकलुकले तर वादळ. भाड्याची छोटी होडी किंवा पॅडलबोर्ड घेऊन पाण्यात असाल तर पहिल्याच इशाऱ्याला काठ गाठा. पोहता येतं म्हणून धीर धरू नका. पाणी थंड असतं.

पायरी ३. उतरल्यावर आधी झाडं बघा, मग दगड

धक्क्याजवळ ताडाची झाडं दिसली तर दचकू नका. दक्षिणेचं ऊन, पाठीला रीगीची भिंत आणि समोर उष्णता धरून ठेवणारं तळं, यामुळे इथली हवा आसपासच्या खोऱ्यांपेक्षा सौम्य असते. अंजीर होतं, चेस्टनट होतं. हॉटेलवाले या काठाला रिव्हिएरा म्हणतात ते थोडं वाढवून सांगणं आहे, पण नोव्हेंबरात झुरिच धुक्यात बुडालेलं असताना इथे बाकावर बसून ऊन खाता येतं, हेही खरं.

दगडाचं प्रकरण जास्त मजेचं आहे. आपला सह्याद्री लाव्ह्याचा, थरावर थर, काळाकभिन्न. रीगीचा मोठा भाग याच्या उलट आहे : नद्यांनी वाहून आणलेले गोटे एकत्र चिकटून झालेला खडक. इकडे त्याला नागेलफ्लू म्हणतात. कापलेल्या कड्याजवळ उभं राहिलं तर कुणीतरी काँक्रीट ओतून ठेवल्यासारखं वाटतं, आणि गंमतीत लोक ‘देवबाप्पाचं काँक्रीट’ म्हणतातही. पण गेर्साउच्या दोन बाजूंचे डोंगर, गेर्साउअरश्टोक आणि होखफ्लू, नागेलफ्लूचे नाहीत. ते चुनखडीचे आहेत, खऱ्या आल्प्सच्या कडेचे. म्हणजे आल्प्स जिथे सुरू होतात ती रेषा या गावाच्या पाठीमागून जाते.

हा नागेलफ्लू नुसता शोभेचा नाही. रीगीच्या पलीकडच्या बाजूला, समोरच्या रोसबेर्ग डोंगरावर, २ सप्टेंबर १८०६ रोजी पावसानं भिजलेल्या मऊ थरावरून याच खडकाची अख्खी पाटी घसरली आणि गोल्डाउ गाव गाडलं गेलं. ४५७ माणसं गेली. माळीणची आठवण ज्यांच्या मनात ताजी आहे त्यांना जास्त सांगायला नको.

पायरी ४. चर्चपाशी बसून इतिहास वाचा

संत मार्सेलसचं चर्च १८०७ ते १८१२ या काळात बांधलं. आत जाऊन बसा, बूट काढायचे नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही. एवढ्याशा गावाला इतकं मोठं चर्च कशाला, असं मनात येईल. ते मनात ठेवूनच पुढचं वाचा.

मध्ययुगात ही जमीन मुरीच्या मठाकडे होती आणि वरचा अंमल हाब्सबुर्ग घराण्याकडे. हाब्सबुर्गांना पैशाची चणचण कायमचीच. त्यांनी गेर्साउवरचे हक्क लुसर्नच्या सावकारांकडे गहाण टाकले, आणि ते फिरत फिरत फोन मोस या लुसर्नच्या घराण्याकडे आले. आपल्याकडे वतनं गहाण पडत आणि सुटत, तसाच हा व्यवहार. फरक एवढाच की १३९० मध्ये वतन सोडवून घेतलं ते कुणा दुसऱ्या सरदारानं नव्हे, गावकऱ्यांनीच. ६९० पाउंड फेनिग मोजून त्यांनी स्वतःवरचे सगळे हक्क विकत घेतले. पाउंडाला २४० फेनिग हा त्या वेळचा हिशोब, म्हणजे एक लाख पासष्ट हजार सहाशे फेनिग. मासे, गुरं, गवत आणि लाकूड यांच्यावर जगणाऱ्या गावानं.

त्याआधीच, १३३२ मध्ये आणि मग १३५९ मध्ये, तळ्याभोवतालच्या प्रदेशांच्या संघाशी गेर्साउचं नातं जोडलं गेलं होतं. उरी, श्वीत्स, उंटरवाल्डेन आणि लुसर्न हे ते चार प्रदेश, तळ्याचं जर्मन नाव फिअरवाल्डश्टेटरझे, तेही त्यांच्यावरूनच पडलेलं. १३८६ च्या, हाब्सबुर्गांविरुद्धच्या झेंपाखच्या लढाईत गेर्साउची माणसं लढली आणि होहेनत्सोलर्नच्या सरदाराचं निशाण जिंकून आणलं असं इथे अभिमानानं सांगतात. १४३३ मध्ये पवित्र रोमन सम्राट झिगिस्मुंडनं शिक्कामोर्तब केलं : गेर्साउच्या वर सम्राटाशिवाय कुणी नाही.

कागदोपत्री हे एवढंच. त्याचा रोजचा अर्थ असा की गावातले वयात आलेले पुरुष उघड्यावर जमत, आपला प्रमुख निवडत, कायदे करत, आणि गुन्हेगाराला देहदंड द्यायचा की नाही तेही ठरवत. या प्रमुखाला लांडआमान म्हणत. पंधराव्या शतकात त्यांनी आपला धर्मगुरू आपण निवडायचा हक्कसुद्धा मिळवला. चर्च कुणा राजानं बांधून दिलेलं नाही, हे इथे लक्षात घ्या. आकाराचं कोडं थोडं सुटेल.

शेजाऱ्यांना या एवढ्याशा देशाची गंमत वाटे. एक गोष्ट नेहमी सांगतात. लुसर्नच्या काही टवाळांनी रात्री येऊन गेर्साउच्या फाशीच्या खांबाला गवताचा बाहुला लटकवला : बघा, यांना लटकवायला माणूसही मिळत नाही! गेर्साउकरांनी बाहुला उतरवला नाही. त्याला लुसर्नच्या निळ्या-पांढऱ्या रंगाचे कपडे घातले आणि तसाच ठेवला. खरी असो, नसो, गावाचा स्वभाव समजायला पुरेशी आहे.

१७९८ मध्ये फ्रेंच सैन्य आलं आणि हे राज्य संपलं. १८०३ मध्ये नेपोलियनच्या व्यवस्थेत गाव श्वीत्स कँटनला, म्हणजे स्विस संघातल्या त्या नावाच्या राज्याला, जोडलं. नेपोलियन पडल्यावर १८१४ मध्ये गेर्साउनं पुन्हा आपलं राज्य उभं केलं, आणि काही वर्षं चालवलंही. पण युरोपला आता नीटनेटके नकाशे हवे होते. १८१७ मध्ये संघाच्या सभेत निर्णय झाला आणि १८१८ च्या सुरुवातीपासून गेर्साउ कायमचं श्वीत्समध्ये गेलं. गावाची इच्छा नव्हती. आपल्याकडे पेशवाई संपली तेही १८१८ साल. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही, पण साल मराठी माणसाच्या लक्षात राहायला सोपं.

या चारशे वर्षांच्या लोकशाहीत बायका कुठेच नाहीत, हेही बसल्या बसल्या लक्षात घ्या. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना देशपातळीवर मत मिळालं १९७१ मध्ये, श्वीत्स कँटनमध्ये १९७२ मध्ये. गावातल्या आजीबाईंनी हा बदल स्वतः अनुभवलेला आहे. मार्गदर्शक पत्रकात मात्र त्याला एक ओळही नसते.

पायरी ५. गावात हळू फिरा

जुन्या कचेरीत, म्हणजे आल्टेस राठहाउसमध्ये, गावाच्या इतिहासाचं लहानसं संग्रहालय आहे. मोठ्या शहरातल्यासारखं रोज सकाळी नऊ ते पाच उघडं असेल अशा भरवशावर जाऊ नका. आधी फोन करून विचारा. गावाचं चिन्ह, उभा दुभागलेला लाल-निळा, तुम्हाला झेंड्यांवर आणि पाट्यांवर दिसत राहील.

तळ्याकाठची काही घरं शेतकऱ्याची वाटत नाहीत. भक्कम, रुबाबदार, खिडक्यांच्या सरळ रांगा. ती रेशमाच्या पैशाची. १७३० च्या सुमारास गेर्साउमध्ये शाप रेशमाचा धंदा सुरू झाला. पैठणीला लागतं ते रेशीम कोषातून अखंड धागा उलगडून काढलेलं. शाप त्याच्या उलट : फुटलेले कोष, तुटके धागे, उरलेला चोथा धुऊन, पिंजून, विंचरून त्याचं सूत काढायचं. कापसासारखंच, पण मालक रेशमाच्या भावात विकणार. व्यापारी घराण्यांनी कच्चा माल आणायचा, तो डोंगरातल्या घरोघरी वाटायचा, बायका-मुलांनी हिवाळाभर कातायचं आणि मोजून परत द्यायचं. कारखाने नंतर, एकोणिसाव्या शतकात, ओढ्याच्या पाण्यावर आले. कामेनत्सिंड हे या धंद्यातलं सर्वांत ठळक नाव.

म्हणजे राजा नसलेल्या या राज्यातही काही घरं मोठी होती आणि बाकीची त्यांच्यासाठी कातत होती. सभेत हात सगळ्यांचे सारखेच वर जात, पण सूत कुणाच्या वखारीत जाणार आहे हे प्रत्येकाला ठाऊक असे. हे माझं मत. गावातल्या कुणाला पटेलच असं नाही.

भूक लागली असेल तर आल्पलरमाग्रोने मागवा : मॅकरोनी, बटाटा, चीज, साय, वर तळलेला कांदा आणि बाजूला सफरचंदाची चटणी. गोड चटणी त्यावर घालून खायची, तोंड वाकडं करू नका, चांगलं लागतं. शाकाहारी असाल तर ‘ओहने श्पेक’ असं आधीच सांगा, नाहीतर डुकराच्या मांसाचे तुकडे निवडत बसावं लागेल. मासे खाणाऱ्यांनी तळ्यातला बाल्खन विचारावा.

जेवणानंतर ब्रुनेनच्या दिशेला काठावरच एक छोटं देऊळ आहे, किंडलीमोर्ड. नावाचा अर्थ बालहत्या. भुकेल्या पोराला बापानंच मारलं अशी दंतकथा आहे, आणि तो बाप लग्नात वाजवणारा फिडलवाला होता म्हणे. जागा सुंदर आहे. गोष्ट मुलांना सांगू नका.

पायरी ६. माणसं : आडनाव आणि मूळ गाव

दफनभूमीत जा. यात वावगं काही नाही. इथे लोक झाडांना पाणी घालायला रोज येतात. दगडांवरची आडनावं वाचा : कामेनत्सिंड, क्यूटेल, नीग… पुन्हा पुन्हा तीच. एकाच आडनावाच्या इतक्या लोकांना ओळखायचं कसं, तर घराण्याच्या शाखेच्या किंवा वाडीच्या नावानं. कोकणात एकाच वाडीत सगळे एका आडनावाचे असले की जे होतं तेच.

इथे एक स्विस गोष्ट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे हाइमाटोर्ट. स्विस माणसाच्या पासपोर्टवर जन्मगाव नसतं, मूळ गाव असतं, म्हणजे त्याच्या घराण्याला जिथल्या नागरिकत्वाचा हक्क आहे ते. तुमच्या झुरिचच्या ऑफिसातला एखादा सहकारी आयुष्यात कधी गेर्साउला गेलेला नसेल, पण त्याच्या पासपोर्टवर गेर्साउ असू शकतं. आपल्या ‘मूळ गाव कोणतं?’ या प्रश्नाला सरकारी शिक्का मारल्यासारखं. पूर्वी याला वजन होतं : माणूस कंगाल झाला तर त्याला पोसायची जबाबदारी मूळ गावाची. त्यामुळे नवीन माणसाला गावचा करून घ्यायला गावं तयार नसत.

जुन्या घराण्यांची आणखी एक संस्था या कँटनमध्ये ठिकठिकाणी आहे, गेनोसामे. जंगल आणि उन्हाळी कुरणं यांची सामाईक मालकी तिच्याकडे असते. गावात राहायला आलात म्हणून तिचे सभासद होत नाही. डोंगरावरची बरीच कुरणं ना सरकारची, ना एकट्याची. फाटक उघडून आत गेलात तर मागे लावून घ्या. बरोबर कुत्रा असेल तर वासरं असलेल्या गाईंपासून लांब राहा. या दोन नियमांत चुकलात तर कुणीही ओरडेल, आणि ओरडणाऱ्याचं बरोबर असेल.

बोलणं : वाटेत कुणीही दिसलं तर ‘ग्र्युएत्सी’ म्हणा. शहरात अनोळखी माणसाला हे म्हटलं तर विचित्र वाटतं, गावात न म्हटलं तर. भाषा स्विस जर्मन आहे. शाळेतली जर्मन शिकून आलात तर पहिल्या दिवशी काही कळणार नाही, पण तुम्ही जर्मनमध्ये बोललात की समोरचा तुमच्यासाठी पुस्तकी जर्मन काढतो. इंग्रजीत सुरुवात केली तर काम होईल, गप्पा होणार नाहीत.

पायरी ७. जमलं तर फेकरखिल्बीला या

या पायरीसाठी तारीख आणि ठिकाण दोन्ही पाहावं लागेल, कारण ही जत्रा दर वर्षी आणि गेर्साउमध्येच हमखास असते असं नाही. खिल्बी म्हणजे चर्चची जत्रा. फेकर हे इथल्या भटक्या लोकांना दिलेलं जुनं नाव. येनिश हे त्यांचं स्वतःचं. टोपल्या विणणं, कात्र्या-सुऱ्यांना धार लावणं, भांड्यांना डाग देणं, फिरता व्यापार आणि संगीत हे त्यांचे व्यवसाय. शेजारचे कँटन त्यांना हाकलत असताना गेर्साउ त्यांना दर वर्षी जत्रेच्या दिवसांत येऊ देत असे. स्वतःचा कायदा स्वतः करणारं राज्य होतं, म्हणून ते शक्य झालं. लग्नं जुळत, भांडणं मिटत, नाच होत. श्वीत्समध्ये गेल्यावर हे फार दिवस टिकलं नाही. १८३२ मध्ये जत्रा बंद झाली. १९८२ मध्ये ती पुन्हा सुरू केली.

मधल्या काळात काय झालं ते माहीत असल्याशिवाय इथे नुसतं नाच-गाणं बघू नये. १९२६ ते १९७३ या काळात प्रो युवेंटुटे या संस्थेच्या एका योजनेखाली जवळपास सहाशे येनिश मुलं सरकारी मदतीनं आईबापांपासून काढून परक्या घरांत, आश्रमांत, कोठड्यांत ठेवली गेली. उद्देश उघड होता : भटकेपण मोडायचं. १९८६ मध्ये संघराज्याचे त्या वर्षीचे अध्यक्ष आल्फोन्स एग्ली यांनी माफी मागितली. २०२५ मध्ये सरकारनं हा मानवतेविरुद्धचा गुन्हा होता असं मान्य केलं. १८७१ च्या कायद्यानं आपल्याकडे पारधी आणि इतर जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं, त्याची आठवण इथे होतेच.

जत्रेत बोत्शेन नावाचा त्यांचा दगड टाकायचा खेळ बघा. लगोरी नव्हे, नेम धरून दगड जवळात जवळ टाकायचा. खेळणारे सहसा नवख्याला एक डाव देतात.

पायरी ८. दुसरा दिवस : वर जा

रस्त्यांचे रंग पाठ करा. पिवळी पाटी : साधी वाट, चांगले बूट पुरे. पांढरा-लाल-पांढरा : डोंगरवाट, पाय स्थिर हवा. पांढरा-निळा-पांढरा : अनुभवी लोकांसाठी, तुम्ही नाही. शाइडेग्गला गेर्साउच्या बाजूनं चढता येतं, आणि ग्श्वेंडहून बुर्गगाइस्टपर्यंत एक चिमुकला पाळणा अर्धा चढ वाचवतो. सोपा पर्याय हवा असेल तर रीगी काल्टबाडहून शाइडेग्गपर्यंत सात किलोमीटरची जवळजवळ सपाट वाट आहे. ती मुळात रेल्वेची. १८७० च्या दशकात हौशी प्रवाशांसाठी डोंगराच्या कडेनं रूळ टाकले, १९३१ मध्ये गाडी बंद झाली, वाट उरली. होखफ्लूवर शिडी आणि साखळ्या आहेत. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्यांनी कोरड्या दिवशी जावं, बाकीच्यांनी खालून बघावं.

पायरी ९. इथेच राहायला येणार असाल तर

स्वित्झर्लंडमध्ये सुमारे २,१०० गेमाइंड आहेत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीपासून नगरपालिकेपर्यंत सगळं एकाच नावाखाली. वर २६ कँटन. श्वीत्स कँटनमध्ये मध्ये आणखी एक पायरी आहे, बेत्सिर्क, जिल्ह्यासारखी. या कँटनचे सहा जिल्हे. त्यांतला एक संपूर्ण जिल्हा म्हणजे एकटं गेर्साउ. राज्य गेलं, पण कुणाच्या तालुक्यात घातलं नाही. गावप्रमुखाला आजही बेत्सिर्कआमान म्हणतात आणि खजिनदाराला झेकेलमाइस्टर, शब्दशः थैलीवाला. पत्रावर सही करताना हे लोक ‘झेकेलमाइस्टर’ अगदी गंभीरपणे लिहितात.

गावात आल्यावर १४ दिवसांच्या आत, आणि नोकरी सुरू व्हायच्या आधी, आइनवोनरआम्टमध्ये, म्हणजे रहिवासी नोंदणीच्या कचेरीत, नोंद करायची. पासपोर्ट, भाडेकरार, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले भाषांतरासह न्या. आरोग्य विम्यासाठी तीन महिने मिळतात, पण हप्ता आल्या दिवसापासूनचा धरतात, तेव्हा उशीर करून पैसे वाचत नाहीत. खिडकीवर तुमचा धर्म विचारतील. खवचटपणा नाही त्यात : कॅथलिक आणि प्रोटेस्टंट लोकांकडून चर्चचा कर घेतात. हिंदू, बौद्ध, मुसलमान किंवा कुठलाच नाही, जे असेल ते स्पष्ट सांगा, तो कर लागत नाही. चुकून भलतीच खूण झाली तर कराचं बिल आल्यावर कळतं, आणि मग पत्रव्यवहार.

कचऱ्याची पिशवी विकतची असते, तिच्या किमतीतच कचऱ्याचं शुल्क. कोणती पिशवी आणि कोणता वार, हे नोंदणीच्या दिवशीच विचारून घ्या. रविवारी काच फोडायच्या डब्यात बाटल्या टाकू नका, भिंतीत ड्रिल घालू नका, रात्री दहानंतर आवाज नको. कुकरच्या शिट्ट्यांबद्दल कायदा नाही, पण शेजारणीला एकदा घरी बोलावून ती शिट्टी कशाची हे दाखवलं तर पुढची चार वर्षं बरी जातात. हे अनुभवावरून सांगतो.

गावाची सभा बघायला जरूर जा. परदेशी माणसाला श्वीत्समध्ये मत नाही, पण पाहुण्यांच्या खुर्च्यांवर सहसा बसू देतात. अंदाजपत्रक ओळीओळीनं वाचलं जातं, कुणीतरी म्हातारा उठून एका रस्त्याच्या दुरुस्तीचा खर्च एवढा का असं विचारतो, आणि थैलीवाल्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. पहिला तासभर कंटाळा येईल. त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नापर्यंत थांबा.

नोंदणीच्या अर्जात ‘हाइमाटोर्ट’ असा एक रकाना असतो. मराठी माणूस तिथे पेन थांबवतो : सातारा लिहू की पुणे, आजोबांचं गाव तर कोकणातलं. यातलं काहीच लिहायचं नाही. परदेशी माणसानं तिथे फक्त देशाचं नाव लिहायचं असतं. आजोबांच्या गावाची चौकशी मात्र खिडकीपलीकडचा माणूस फॉर्म घेताना हमखास करतो, आणि ते समुद्राकाठी आहे की डोंगरात, हेही विचारतो.